सादोक मामांच्या वाट्याचे बोई

रमला, केरकेना
सप्टेंबर संपता संपता

आदरणीय सादोक मामांस,

भाचा लम्जद याचा सलाम, आणि दोन्ही गालांचे मुके. (जोज़ियान मामींचे किती घ्यायचे याची तिकडे फ्रान्सात, तुलोंमध्ये, काय रीत आहे मला ठाऊक नाही, तेवढे माझ्या वतीने तुम्हीच पोचते करा.) तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरने जिने चढू नका असं बजावलंय आणि तुम्ही राहता चौथ्या मजल्यावर, म्हणजे एकदा का पाव आणायला खाली उतरलात की डॉक्टरचं ऐकण्यासाठी तुम्हाला रस्त्यावरच संसार मांडावा लागणार. इकडे सगळं ठीक आहे. आईला मीठ कमी करायला सांगितलंय, म्हणून तिने माझ्या जेवणातलं मीठ कमी केलंय. अंजिराला यंदा फळ बेताचंच आलं, पण शेजारच्या शाज़ली काकांच्या झाडाला त्याहून कमी आलं, त्यामुळे आमची काही तक्रार नाही.

तुमचं पत्र पोचलं. आईला मीच वाचून दाखवलं. आजोबांनी मागे ठेवलेल्या पाण्याच्या तुकड्यातला तुमचा निम्मा हिस्सा तुम्ही हिवाळ्याआधी सफाक्सच्या कुणा गृहस्थाला विकणार आहात, हे कळलं. (त्यांना म्हणे पाण्यात खांब रोवून वर कॉफीचं दुकान काढायचंय.) तुम्ही लिहिलंत त्यात खोटं काहीच नाही. बाबा गेल्यापासून त्या पाण्यात खजुरीची एक झावळी कुणी रोवलेली नाही. झावळ्यांचं कुंपण नाही म्हणजे शरफिया नाही, शरफियाचा सापळा नाही म्हणजे मासा नाही, आणि चुकून एखादा आलाच तर त्याला निळे खेकडे ठेवत नाहीत. (कोळ्यांनी त्या खेकड्यांचं नाव त्या दहशतवाद्यांवरून दाएश ठेवलंय. जाळीही फाडतात आणि जाळ्यातलंही संपवतात.) ‘पाणी मेलंय, मेलेल्या पाण्याची मालकी घेऊन मी काय करू’ हे तुमचं वाक्य मी वाचलं तेव्हा आई उठली आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेली. दाणे सकाळीच घालून झाले होते. असो. या विषयावर मला काहीही म्हणायचं नाही. तुम्ही वडीलधारे, हिस्सा तुमचा, निर्णय तुमचा. मी हे पत्र निव्वळ आमच्या गावी भरलेल्या शाळेची हकीकत कळवावी म्हणून लिहितोय, कारण तुम्हाला गावच्या बातम्यांची हौस आहे.

शाळा म्हणजे माझी रोजची नव्हे, जिथे मी भूगोल शिकवतो आणि मुलं खिडकीबाहेरचा भूगोल बघतात. ही सागरविज्ञानाची आंतरराष्ट्रीय आणि आंतरशाखीय उन्हाळी शाळा. उन्हाळी असून ती सप्टेंबरात भरली, कारण सहा देशांचे शिक्के एका कागदावर जमायला उन्हाळा पुरला नाही. आंतरशाखीय म्हणजे काय, हे मी पुष्कळ जणांना विचारून घेतलं. समुद्र एकच आहे, पण तो शिकवणारे एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून त्यांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना एका बेटावर नेऊन सोडायचं, सफाक्सहून ये-जा करणारी लूद बोट परत पाठवून द्यायची आणि ओळख होते का ते पाहायचं. शाळेला पैसे देणाऱ्यांची अट होती की पाच शाखा हव्यात. पाण्याची होती, माशांची होती, यंत्रांची होती, कायद्याची होती. पाचवी ‘माणसे’. माणसांचा तज्ज्ञ ऐनवेळी लिस्बनहून आलाच नाही. मग आमच्या मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत डोकावून पाहिलं आणि कोट घातलेला मी एकटाच असल्यामुळे (सर्दी झाली होती) माझी नेमणूक झाली. मामा, सध्या मी माणसे या विषयाचा प्रमुख आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आधी घरातल्या माणसांना टोमॅटो आणून दे.”

पाण्याच्या शाखेचे प्रमुख होते नॉर्वेचे प्राध्यापक हाल्वोर्सन. उंच, सभ्य, आल्या दिवसापासून उन्हाने कलिंगडासारखे लाल झालेले गृहस्थ. दारातून आत येताना दाराचीही परवानगी घेतील इतके नम्र. माशांच्या प्रमुख अलेक्झांड्रियाच्या डॉक्टर इनास. या बाईंचा आवाज बंदरात वाढलेला, आणि थट्टा केल्याशिवाय त्यांना पाणीही गिळवत नाही. माझं पहिल्याच दिवशी त्यांनी नाव ठेवलं, ‘बेटाचे पाशा’. या दोघांत भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. भांडायला बोलावं तर लागतं. पाणीवाल्यांना त्यांच्या संगणकांसाठी विजेचं बटण हवं म्हणून ते वर्गाच्या आतल्या बाजूला बसत. मासेवाल्यांच्या बादल्यांना वास येई म्हणून त्यांना ओसरी दिलेली. जेवणंही तशीच, आत वेगळी आणि बाहेर वेगळी. मधल्या उंबऱ्यावर मी, माणसे.

माझं व्याख्यानही झालं. समुद्र आणि समाज. आपल्याकडे पाण्याचे तुकडे कसे वडिलांकडून मुलांकडे येतात, बहिणींचा वाटा कसा पडतो, कुणाचं पाणी कुठे संपतं आणि कुणाचं सुरू होतं, हे मी फळ्यावर काढून दाखवलं. नॉर्वेच्या मुलांना वाटलं मी गंमत करतोय. हाल्वोर्सन साहेबांनी हात वर करून (प्राध्यापक असून!) विचारलं, की शेताला बांध असतो हे समजतं, पण लाटांत बांध कुठे असतो? मी खिडकीतून दाखवलं, की त्या पडक्या भिंतीच्या रेषेत सरळ पाहा, पलीकडे शाज़ली काकांचं पाणी, अलीकडे माझ्या आईचं आणि मामांचं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग त्यांचा नकाशा पाहिला आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले की नकाशात सगळं निळंच आहे. मी म्हटलं, साहेब, नकाशात तुमची बायको आणि माझी बायकोही सारख्याच दिसतील. (हे मी अरबीत म्हटलं. डॉक्टर इनास खोकल्या.)

आता मुख्य गोष्ट. हाल्वोर्सन साहेबांना त्यांचं प्रवाह मोजण्याचं यंत्र उथळ पाण्यात, जिथून पुढे तळ खोल होत जातो अशा कडेवर बसवायचं होतं. हे यंत्र पाण्यात आवाज सोडतं, पाण्यात जे काही सरकत असेल त्यावर आपटून तो आवाज परत येतो, आणि त्यावरून प्रवाह किती आणि कुठे ते कळतं. आपल्या पाण्यात अशी कड आहे म्हटल्यावर त्यांनी आईकडे रीतसर परवानगी मागितली आणि आईने ती दिली. (तुमच्या हिश्श्याचीही दिली. तुम्हाला विचारायचं राहिलं याबद्दल क्षमस्व.) काम सोपं होतं: कडेपर्यंत खांबांची एक सरळ रांग, टोकाला यंत्र. चित्र काढून दिलेलं. पण पहिल्याच दिवशी वाहून आलेल्या समुद्रगवताने यंत्राचा पार गवताचा भारा झाला. साहेब म्हणाले, कडेने काहीतरी आडोसा हवा. या बेटावर आडोसा म्हटला की झावळ्या, आणि झावळ्या म्हटल्या की शाज़ली काका. वय ऐंशीकडे झुकलंय, पण पाण्यात उतरले की अजून कुणाला ऐकत नाहीत.

काका चित्र बघून म्हणाले, “ही कसली रांग? वेंधळ्याने काढलीय.” मी म्हटलं, काका, ही विज्ञानाची रांग आहे. काका म्हणाले, “असेल. पण अशी नुसती सरळ सोडली तर बरी दिसत नाही.” आणि आम्ही कामाला लागलो. मामा, मी शपथेवर सांगतो, आमच्या दोघांच्याही मनात काही नव्हतं. साहेबांना आडोसा हवा होता, आम्ही आडोसा करत होतो. पण या बेटावरच्या माणसाच्या हातात झावळी दिली आणि पाण्यात उभा केला की हात आपले आपणच चालतात. एका बाजूला एक पंख झाला, मग दुसरी बाजू बोडकी दिसायला लागली म्हणून तिकडेही झाला. टोकाला यंत्राभोवती गवत शिरू नये म्हणून गोल खोली झाली. होडी आत यावी म्हणून खोलीला दार ठेवलं, आणि दार आपण जसं करतो तसंच झालं, बाहेरून रुंद आणि आत जाता जाता अरुंद. संध्याकाळी हाल्वोर्सन साहेबांनी किनाऱ्यावरून पाहिलं आणि फार सुंदर काम झालंय म्हणून आम्हा दोघांचे हात दाबले. काकांनी मान डोलावली. मलाही अभिमान वाटला. सहा देशांचे छोटे छोटे झेंडे खांबांना लावले. आपला झेंडा ट्यूनिसहून यायचा राहिला होता, म्हणून आईने तिची लाल शाल दिली. लांबून कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून यंत्राने चमत्कार दाखवायला सुरुवात केली. ओहोटी लागली की यंत्राजवळ पाणी गोल गोल फिरू लागे. मंद नव्हे, चांगलं जोरात. भरती आली की थोडं शांत, ओहोटीला पुन्हा गरगर, आणि दर ओहोटीला जोर वाढतच चाललेला. हाल्वोर्सन साहेबांची झोप उडाली. इतक्या उथळ पाण्यात असा भोवरा कुणी पाहिलेला नव्हता. त्यांनी बर्गेनला फोन लावला, बर्गेनने किएलला लावला, आणि पडद्यावर एकेक करून इतकी डोकी उगवली की आमच्या शाळेचं इंटरनेट दमून बसलं. नावाचीही चर्चा झाली. एकाने सुचवलं ‘केरकेना भोवरा’. मी माणसांचा प्रमुख या नात्याने अनुमोदन दिलं. मुख्याध्यापकांनी गव्हर्नरांच्या कचेरीत कळवलं की आमच्या हद्दीत भोवरा निघालाय, आणि तिथून विचारणा झाली की तो धोकादायक आहे की पर्यटनाच्या उपयोगाचा.

ओसरीवर मात्र सुतकी कळा. डॉक्टर इनासची मुलं रोज ओहोटीला त्याच भागात मासे मोजायला जात आणि रिकाम्या हाताने परत येत. भरतीला बोई मासे थव्याने दिसत, काठाला येऊन चरत, आणि ओहोटी लागली की सगळे गायब. बाहेर खोल पाण्यात जावेत तर तिथे लावलेल्या जाळ्यातही नाहीत. बाई चिडून म्हणत, “आकाशात उडाले का काय?” भिंतीच्या एका बाजूला भोवरा सापडल्याचा जल्लोष, दुसऱ्या बाजूला मासा हरवल्याचा शोक, आणि मधल्या उंबऱ्यावर तुमचा भाचा, दोन्हीकडची चहाची भांडी सांभाळत. मी दोन्ही ऐकत होतो, मामा, रोज ऐकत होतो. माझ्या डोक्यात काही पेटलं असतं तर बरं झालं असतं, पण मला वाटलं ही शास्त्राची बाब आहे, आपण मध्ये तोंड घालू नये.

शेवटच्या शुक्रवारी आईने सगळ्यांना कुसकुसचं आमंत्रण दिलं. आत-बाहेर जेवायची सवय झालेली मंडळी इथेही दोन टोकांना जाऊन बसली, पण आईकडे मोठी परात एकच. सगळे एकाच परातीभोवती. आईने सगळ्यांना हाताला धरधरून बसवलं आणि हाल्वोर्सन साहेब नेमके डॉक्टर इनासच्या खांद्याला खांदा लावून आले. एकाच परातीत आपापल्या समोरचंच खायचं, पलीकडच्याच्या वाट्यात चमचा घालायचा नाही, हे मी समजावलं. साहेबांनी लगेच कुसकुसच्या रव्यात चमच्याने बारीक रेघ ओढून आपली हद्द आखली. (तेव्हा मात्र त्यांना बांध दिसला.) पण रस्सा बाईंच्या बाजूला होता आणि मासाही. सौजन्य किती टिकणार? शेवटी साहेबांनी पहिल्यांदाच बाईंकडे वळून काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, की तुमचं काम कसं चाललंय?

“कसलं काम?” बाई म्हणाल्या. “भरतीला माझे मासे तुमच्या खांबांपाशी असतात, ओहोटीला कुठे जातात तो अल्लाच जाणे.”

“विचित्र आहे,” साहेब म्हणाले. “माझा भोवरा बरोबर ओहोटीलाच सुरू होतो.”

“आणि भरतीला?”

“भरतीला मंदावतो.”

“आणि दिवसेंदिवस वाढतो?”

“वाढतो,” साहेब म्हणाले, आणि दोघांनीही एकदम चमचे खाली ठेवले. आईने मला विचारलं, काय झालं, मीठ कमी पडलं का? मी भाषांतर करून सांगितलं, आधी बाईंचं, मग साहेबांचं, आणि भाषांतर करता करता ते वाक्य माझ्याच कानात शिरलं. मी शाज़ली काकांकडे पाहिलं. काका परातीत पाहत होते. “आडोसाच केला होता,” ते हळूच म्हणाले. “दार जरा नेहमीसारखं झालं, एवढंच.”

जेवण टाकून सगळे किनाऱ्यावर. ओहोटी चाललेलीच होती. आम्ही होडी ढकलली, साहेब, बाई, काका आणि मी. त्या गोल खोलीत यंत्राभोवती बोई मासे फिरत होते. मोठे, जाडजूड, पाठीला पाठ लावून, एकाच दिशेने, बाहेर जायचं दार शोधत. पाणी उकळतंय असं वाटत होतं. यंत्राचा आवाज त्यांच्या अंगावर आपटून परत येत होता आणि बर्गेन-किएलपर्यंत ‘केरकेना भोवरा’ म्हणून पोचत होता. मामा, ती आपली कड आहे. आजोबांच्या शरफियाची खोली तिथेच होती, बाबांचीही तिथेच. इतकी वर्षं ओसाड पडलेलं पाणी, त्यात आम्ही चार झावळ्या उभ्या केल्या, त्याही भलत्याच कामासाठी, आणि मासे आपले जुन्या वाटेने आले. मला बाबांची फार आठवण आली. मी होडीत उगाचच दोर गुंडाळत बसलो. काकांनी दोनदा सांगितलं की तो गुंडाळलेलाच आहे.

हाल्वोर्सन साहेब होडीतून वाकून एकदा यंत्राकडे, एकदा माशांकडे पाहू लागले. मला भीती वाटली की आता आमची काही खैर नाही. मग त्यांचे लाल खांदे हलायला लागले आणि तो सभ्य माणूस इतका हसला की होडी कलंडायची वेळ आली. डॉक्टर इनास म्हणाल्या, “पाशा, आयुष्यात बरेच भोवरे ऐकले, पण लिंबू पिळून खाण्याजोगा हा पहिलाच.” त्या रात्री दोघांनी ओसरीवर एकत्र बसून बर्गेनला कळवलं. आता दोघं मिळून एक निबंध लिहिणार आहेत, प्रवाह मोजताना मासे मोजले जातात ते कसं ओळखायचं यावर, आणि पुढच्या वर्षी म्हणे दोन शाखांचे वर्ग एकाच खोलीत भरतील. गव्हर्नरांच्या कचेरीत भोवरा आटल्याचं कळवण्यात आलं.

माशांच्या वाटणीवरून थोडा वाद झाला. मासेवाले म्हणाले हे नमुने आहेत, पाणीवाले म्हणाले ही माहिती आहे. शाज़ली काका म्हणाले, हे याच्या आईचं, सलूहाचं, आणि सादोकचं पाणी आहे, अर्धे तिचे, अर्धे त्याचे, संपलं. कायद्याच्या बाईंनी वह्या काढून पाहिलं आणि काकांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा तुमच्या वाट्याचे बोई आले होते, हे कळवणं माझं कर्तव्य आहे. तुलोंला पोचेपर्यंत टिकले नसते म्हणून तुमच्या वतीने हाल्वोर्सन साहेबांनी खाल्ले, हरीसाची तिखट चटणी लावून. डोळ्यांतून पाणी आलं, पण आभार मानायला सांगितलेत.

बाकी सगळं क्षेम. गुडघ्याला ऑलिव्हचं तेल कोमट करून लावा, डॉक्टरला सांगू नका. जोज़ियान मामींना सलाम.

तुमचा भाचा,
लम्जद
(माणसे)

ता.क. एक सांगायचं राहिलं. निबंधासोबत नकाशा छापणार आहेत, सहा देशांत जाणार. त्या जागेला काय म्हणतात असं साहेबांनी विचारलं, तर मी ‘सादोकचं पाणी’ असं लिहून दिलं. आता हिस्सा विकला गेला तर तिथे सफाक्सच्या गृहस्थांचं नाव येईल. त्यांचं नाव फार लांबलचक आहे म्हणे, नकाशात मावायचं नाही. तुम्ही विचार करालच.

ता.क. दुसरा. वरचं खरं नाही. साहेबांनी जागेला फक्त आकडा दिलाय आणि मला कुणी काही विचारलेलं नाही. मामा, विकू नका. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी पानं लागली, कारण पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर तुम्ही पत्र मिटून ठेवलं असतंत, मी ओळखतो तुम्हाला. ऑक्टोबरात कुंपण घालायचं म्हणतोय, खरंखुरं, माशांसाठी. तो आडोसा केल्यापासून काकांची कंबर धरलीय आणि मला एकट्याला जमणार नाही. तुमचा गुडघा पाण्यात उभा राहायला चालेल, तिथे जिने नाहीत.

ता.क. तिसरा. पत्र पाकिटात घालताना आई आली. मी तिला शेवटचं वाचून दाखवलं, तर म्हणाली, विनवण्या कसल्या करतोस? तिने परवाच माणूस लावून झावळ्या तोडून घेतल्यात, तुमच्या हिश्श्याच्या खजुरींच्यासुद्धा. अंगणभर वाळत पडल्यात, कोंबड्यांना फिरायला जागा नाही. ती म्हणते, सादोकला हिस्सा विकायचा असेल तर खुशाल विकू दे, फक्त आधी इथे येऊन त्याच्या वाटणीच्या झावळ्या होत्या तशा झाडाला परत लावून दे.